सातवा रकाना

६ जानेवारी, सोमवार

पुस्तिका छापून आली. बहात्तर पानं, निळं कव्हर, वर जाड अक्षरात ‘प्रकल्पासंबंधी शब्द व त्यांचे अर्थ’. आत दोनशे बारा शब्द. भूसंपादन, हरकत, वहिवाट, भोगवटादार, बाधित व्यक्ती, उपजीविका, पुनर्वसन. काही शब्दांवर मी दोन-दोन दिवस बसले होते. माझं नाव कुठंच नाही, पण म्हणून काय झालं.

चिंचणीच्या पुढे खारवण पाड्याच्या किनाऱ्यावर जेटी होणार आहे आणि तिथवर रुंद रस्ता. त्यात कुणाचं काय जाणार, कुणाला पर्यायी जागा द्यायची, याची घरोघर पाहणी आमच्या कंपनीनं डिसेंबरात केली. पाहणीचा फॉर्म आणि ही पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. एलएलबी होऊन, न्यायाधीशाच्या परीक्षेत दोनदा आपटून मिळालेली ही पहिली नोकरी. तीसुद्धा सहा महिन्यांच्या करारावर. त्यामुळे जपून चाललेय.

आईनं पदराला हात पुसून पुस्तिका घेतली. “एवढे सगळे शब्द तुला येतेत?” म्हणाली. अप्पांनी चष्मा लावला, मधलंच एक पान उघडलं आणि ‘कामगार’ हा शब्द आहे का विचारलं. नाही म्हटलं. जेटीच्या पुस्तिकेत तो कशाला येईल? त्यांनी पुस्तिका मिटून टीव्हीवर ठेवली.

बाधितांची प्राथमिक यादीही आजच जाहीर झाली. मराठी तक्ता मीच टाइप केला. मासेमारी करणारे चौसष्ट. संलग्न कामे करणारे तीन.

तीन? एवढ्या पाड्यात? माझे वरिष्ठ मेहुल सर, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “आकडे सर्वेवाल्यांचे आहेत, प्रतीक्षा. तू भाषा बघ.”

९ जानेवारी, गुरुवार

तो तीनचा आकडा डोक्यातून जात नाही. आज सर मुंबईला गेले होते. मी भरलेले फॉर्म उघडून बसले.

ते तिघं सापडले. मच्छीमार सोसायटीचे सचिव, सोसायटीचा कारकून आणि सोसायटीची बर्फाची गाडी चालवणारा. तिघांच्या फॉर्मवर शेरा एकच, ‘सोसायटीशी संलग्न’.

मग बायकांचे फॉर्म बघत गेले. सहावा रकाना, ‘मासेमारी करता का?’ नाही. सातवा, ‘संलग्न काम करता का?’ नाही. आठवा, व्यवसाय: घरकाम. रंभाबाई पागधरे, वय ६३, घरकाम. सुगंधा पागधरे, वय ३१, घरकाम. एकशे अठरापर्यंत मोजले आणि थांबले.

असेलही. हल्ली तिथले बरेच पुरुष तारापूरच्या कारखान्यांत जातात, बायका घरी असतील. रविवारी एकदा जाऊन डोळ्यांनी बघून येते, म्हणजे मन शांत होईल.

१२ जानेवारी, रविवार

नसते गेले तर बरं झालं असतं.

बोईसरहून एसटीनं चिंचणी, पुढे रिक्षा. सुरूची झाडं संपली आणि समोर सगळा किनारा बांबूंनी भरलेला. उभे बांबू, त्यांवर आडवे बांबू, आणि तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं लटकवलेले बोंबील. बांबूंच्या या मांडवांना वलांड्या म्हणतात. खाली जुन्या जाळ्यांवर जवळा पसरलेला. शंभरएक माणसं कामात होती आणि सगळ्या बायका. एकही पुरुष दिसला नाही.

मी कॉलेजसाठी माहिती गोळा करतेय असं सांगितलं. खोटं बोलले. एक म्हातारी बोंबील उलटवता उलटवता बोलत होती. नाव विचारलं तर रंभाबाई. तीच, वय ६३, घरकाम.

“ते सर्वेवाले आले होते ना तुमच्याकडे?” मी विचारलं.

“आल्ते ना. एक बाय व्हती, चांगली व्हती. इचारलंन, मासे पकडता का. मी बोल्ली, पकडतात ते बापये. आमी सुकवतो.”

“मग?”

“मग बोल्ली, संलग्न हाय का तुमी? मी बोल्ली, कोनाशी? ती पन जरा इचार करत बसली. मग बोल्ली, सोसायटीशी असंल. मी बोल्ली, नाय गं बाय, आमा बायकांना कोन सोसायटीत घेतंय? तिनं लिवलंन, नाय.”

शेजारची सुगंधा, तिची सून, हसली. “मना पन तेच इचारलं. मी बोल्ली, आमी कोनाशी नाय संलग्न, आमी आमच्या घरचे.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. ‘संलग्न’ हा शब्द माझा होता.

रंभाबाईनं निघताना सुके बोंबील कागदात बांधून दिले. नको म्हणता आलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

इंग्रजी फॉर्म काढून बघितला. सातव्या रकान्यात प्रश्नाखाली कंस आहे. त्यात लिहिलंय: मासळी सुकवणे, निवडणे, जाळी विणणे व दुरुस्त करणे, विकणे. स्पष्ट. कुणालाही समजेल असं.

मराठीत तो कंस नाही. मी काढला.

आठवतंय मला. ऑक्टोबरातली दुपार. मराठी मजकूर लांबत होता, तक्ता दुसऱ्या पानावर जात होता. सर म्हणाले होते, फॉर्म एका पानात बसव. मला वाटलं, ‘संलग्न कामे’ म्हटलं की सगळं आलंच की त्यात. शब्द मला आवडलाही होता. नेमका, आटोपशीर, सरकारी कागदात शोभणारा. कंस खोडला आणि तक्ता एका पानात बसला. बसला म्हणून मी खूश झाले होते.

सुकवायची जागा जाणार आहे, रस्ता तिच्यावरूनच आहे. ज्यांची जागा जाणार त्या यादीत नाहीत. यादीत नाहीत म्हणजे पर्यायी जागा नाही. ‘बाधित व्यक्ती: अंतिम यादीत नाव समाविष्ट असलेली व्यक्ती.’ ही व्याख्याही माझीच, पान एकेचाळीस.

डबा तसाच परत आणला.

२० जानेवारी, सोमवार

आठवडाभर धीर झाला नाही. आज सांगितलं.

मेहुल सर फार चांगले वागले. दार लावून घेतलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नको. चुका होतात. हरकतींची मुदत आहे, ज्यांना वाटेल ते हरकत घेतील. प्रोसेस त्यासाठीच असते.”

“सर, मी मेलवर सविस्तर लिहून देऊ का? शुद्धिपत्र काढता येईल.”

“मेल नको करूस. तोंडी सांगितलंस ते पुरे. उगाच तुझं नाव कागदावर यायला नको. मी बघतो.”

किती विचार केला माझा. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. घरी येताना भाजी घेतली, आईसाठी गजरा घेतला.

२२ जानेवारी, बुधवार

सरांनी बोलावून पत्र दिलं. एक मार्चपासून कायम! पदनाम, वरिष्ठ भाषा अधिकारी. दोन दिवसांपूर्वी एवढी मोठी चूक कबूल केली आणि आज हे. प्रामाणिकपणाची किंमत असते म्हणायची. आईनं शिरा केला.

शुद्धिपत्राचं विचारायचं राहिलं. उद्या विचारते.

२७ जानेवारी, सोमवार

विचारलं नाही. सर कामात असतात.

अप्पांनी आज माझं पत्र मागून घेतलं आणि बोट फिरवत सगळं वाचलं. मग म्हणाले, “चेहरा का असा करायलीस? पत्र तर चांगलं है.”

मी सांगून टाकलं. रकाना, कंस, किनारा, सगळं. त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मला वाटलं, कळलं नसेल. माझे वडील, नागोराव गुडमेवार, सातवी शिकलेले. नांदेडकडच्या मुखेडहून एक्क्याण्णव साली इथं आले ते तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात.

“मी रिअॅक्टरवर होतो,” ते म्हणाले. “तू नव्हतीस जन्मली तवापासून. तापमान बघायचं, दाब बघायचा, नवीन इंजिनिअर आला की त्याला मीच शिकवायचो. पण कागदावर माझ्या नावापुढं ‘मदतनीस’. पहिल्या दिवशी लिहिलं ते तसंच राहिलं. मी म्हणलं, राहू दे, काम तर करायलोच की. मग कंपनी विकली. नवीन मालक म्हणला, ऑपरेटर तेवढे ठेवतो, मदतनीस नको.”

हे मला माहीत नव्हतं. कारखाना बंद पडला म्हणून अप्पा एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतात, एवढंच मला ठाऊक. बंद पडला नव्हता. चालूच होता.

“कुणी लिहिलं होतं ते?” मी विचारलं.

“असंल कुणीतरी क्लार्क. चांगला माणूस असंल. त्याला काय म्हाईत पुढं काय होणार.”

मला अप्पा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

३० जानेवारी, गुरुवार

आजारी आहे म्हणून सुट्टी टाकली आणि हरकतीचे फॉर्म घेऊन पाड्यावर गेले. कंपनीत काम करते आणि आज सुट्टी काढून आलेय, हे यावेळी सांगितलं. फॉर्म मी लिहिला हे मात्र सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं.

हरकतीच्या फॉर्ममध्ये ‘जागेवरील हक्काचा पुरावा’ मागितलाय. रंभाबाईला विचारलं, ही जागा तुमची आहे याचा काही कागद? तिनं मला हाताला धरून किनाऱ्यावरून चालवलं. ही पुष्पलताची रांग, ती नलूची, पलीकडची तिच्या जावेची. खुणा काही नाहीत, पण कुणी चुकत नाही. “माजी सासू हितंच सुकवायची. तिची सासू पन. आमच्यात रांगेवरनं कवा भांडान नाय झालं. कागद कशाला करू?”

यालाच वहिवाट म्हणतात, मी म्हटलं. वापरानं आलेला हक्क. पान त्रेपन्न. नकाशात या जागेवर ‘मोकळी जागा’ असं छापलंय, ते सांगितलं नाही.

अकरा फॉर्म भरून झाले. सुगंधानं चहा आणला. ती बारावी झालीय, फॉर्म स्वतः वाचते. माझ्याकडे बघत म्हणाली, “तू कंपनीची ना? मग आमच्यासाठी येवढं का करतेस?”

“काम आहे माझं,” मी म्हटलं.

“सुट्टी काढून काम करतेस?”

मी चहा प्यायले. जीभ भाजली.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

अकरा हरकतींना उत्तरं द्यायची होती. सरांनी मला बोलावलं आणि मुद्दे सांगितले. मी मराठीत मसुदा केला: ‘सर्वेक्षणावेळी रकाना क्र. ७ मध्ये आपण नकारार्थी उत्तर दिले असल्याने आपली हरकत ग्राह्य धरता येत नाही.’ अकरा नावं घातली, अकरा पत्रं छापली. सरांनी सह्या केल्या.

मी म्हटलं, “सर, पण ते उत्तर तर आपल्या फॉर्ममुळेच...”

“तेरा तारखेला पालघरला जाहीर सुनावणी आहे. तिथं मांडू दे की त्यांना. आपण कुठं अडवतोय?”

बरोबर आहे त्यांचं. सुनावणी आहेच.

पत्रांचा संदर्भ क्रमांक शोधताना फाइलमध्ये नोव्हेंबरच्या चाचणी पाहणीचा अहवाल दिसला. दहा घरांची चाचणी झाली होती. खाली सर्वे करणाऱ्या बाईंचा शेरा: ‘रकाना ७ महिलांना समजत नाही. उदाहरणे द्यावीत.’ तो थेट सरांना पाठवलेला होता. मुख्य पाहणी डिसेंबरात झाली.

कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल त्यांच्या. विसरले असतील. मी त्यांना वीस तारखेला सांगितलं तेव्हा त्यांना आठवलं कसं नाही, हे तेवढं कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुगंधाचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उचलला.

“पत्र आलंय. नकारार्थी म्हंजे काय ते मना कळतं. पन सासू इचारते, मी कवा नाय बोल्ली? मी बोल्ली, तुमी बोल्लात आई, सर्वेच्या दिवशी. आता ती रडतेय. बोलते, माज्या तोंडानं मीच घालवली जागा.”

मी म्हटलं, रंभाबाईंची काही चूक नाही.

“मग कोनाची हाय?”

मी रेंज जातेय म्हणाले आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक मार्चला सतरा दिवस राहिलेत. सतरा दिवस गप्प बसले तर कायम. मग कधीतरी आत राहून, मोठ्या जागी बसून, चांगले फॉर्म करता येतील. हे मी स्वतःला पटवून बघितलं. पटलं असं वाटत असतानाच रंभाबाई रडतेय हे आठवतं.

अप्पांना विचारलं, जाऊ का उद्या? ते ड्यूटीवर निघाले होते. बुटाची नाडी बांधत म्हणाले, “मला नको इचारू माय. मी हो म्हणलं आन् तुझी नोकरी गेली, तर तू मला दोषी धरशील. नको म्हणलं तर मीच मला धरीन.”

इंग्रजी फॉर्म आणि मराठी फॉर्म, दोन्ही पिशवीत घालून ठेवलेत. ठेवलेत म्हणजे न्यायलाच पाहिजेत असं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळचे सहा. आत्ताच घरी आलेय. जसं झालं तसं लिहिते.

पालघरला सभागृहात सुनावणी. पाड्यावरच्या साठेक बायका टेम्पोनं आल्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम पन्नाशीच्या, शांत. मेहुल सर पुढच्या रांगेत, मी त्यांच्या मागे. रंभाबाई माइकसमोर उभी राहिली, पण माइक तिच्या डोक्याच्या वर.

मॅडमनी विचारलं, “सर्वेक्षणात तुम्ही सातव्या रकान्यात ‘नाही’ म्हणालात, बरोबर?”

“बोल्ली. मना जे इचारलं त्याचं उत्तर दिलं मी. मना मासळी सुकवता का असं कोनी इचारलंच नाय. इचारलं असतं तर काय मी नाय बोल्ली असती? सगल्या अंगाला वास येतोय माज्या.”

लोक हसले. सर उठून म्हणाले की फॉर्म प्रमाणित मराठीत होता, तज्ज्ञांनी तपासलेला होता, आणि उत्तरदात्यांनी स्वेच्छेनं उत्तरं दिली आहेत. तपासलेला? मी सोडून कुणीच तपासला नव्हता.

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. मॅडम म्हणाल्या, “आपण कोण?”

“प्रतीक्षा गुडमेवार. फॉर्मचं मराठी भाषांतर मी केलंय.”

सर वळले. “मॅडम, या आमच्या कंत्राटी कर्मचारी आहेत. त्यांचं जे काही असेल ते वैयक्तिक मत समजावं.”

“मत नाही,” मी म्हटलं. “चूक आहे. माझी चूक आहे.” दोन्ही फॉर्म टेबलावर नेऊन ठेवले. इंग्रजीतला कंस दाखवला, मराठीतला रिकामा रकाना दाखवला. का काढला ते सांगितलं. तक्ता एका पानात बसत नव्हता म्हणून. सभागृहात बोलताना ते कारण इतकं फुटकळ वाटलं की वाक्य पूर्ण होईना.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मग चष्मा काढून विचारलं, “हे तुमच्या कधी लक्षात आलं?”

एवढा एकच प्रश्न मी तयारीत धरला नव्हता.

“बारा जानेवारीला.”

“आज तेरा फेब्रुवारी.”

“हो.”

“आणि या अकरा जणींना हरकत फेटाळल्याचं पत्र पाच फेब्रुवारीला गेलंय. त्याचा मसुदा कुणी केला?”

मागे साठ बायका होत्या. मला वळून बघायची हिंमत नव्हती. “मी,” म्हटलं.

“आणखी कुणाला माहीत होतं?”

“सरांना वीस जानेवारीला सांगितलं होतं.”

चाचणीच्या अहवालाचं मात्र बोलले नाही. का नाही बोलले, ते आत्ताही समजत नाही. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला होता, हेच डोक्यात येत राहिलं.

मॅडमनी आदेश लिहून घेतला. खारवण पाड्याची पाहणी पुन्हा, उदाहरणं देऊन, लोकांना समजेल अशा बोलीत, दुसऱ्या माणसांकडून. तीन आठवड्यांत यादी.

बाहेर टेम्पोजवळ सुगंधा मला ओलांडून गेली, मग परत आली. “आमच्यात बसून चाय पिलीस तू,” म्हणाली. “सासू पत्र आल्यापासनं सोताला शिव्या देतेय आणि तुला महिनाभर म्हाईत व्हतं.” रंभाबाईनं माझ्याकडे बघितलं, पण काय होतं त्या बघण्यात ते मला वाचता आलं नाही. तिला दोघींनी धरून वर चढवलं आणि टेम्पो गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेलवर दोन ओळी. कायम नेमणुकीचे पत्र रद्द, करार आजपासून समाप्त. ओळखपत्र जमा करावे. सरांनी फोन उचलला नाही.

आई सारखी देवाशी जाऊन बसतेय. अप्पांनी ड्यूटीवरून येऊन बूट काढले. स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवला, साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कबूल केल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. आता वेगळ्या काळज्या आहेत. पुन्हा पाहणी नीट होईल का? नवे लोक काय विचारतील? कुणी म्हातारी त्या दिवशी मुलीकडे गेली असेल तर? तीन ठिकाणी अर्ज केलेत. एका ठिकाणी विचारलं, आधीची नोकरी का सोडलीत. सोडली नाही, गेली, असं सांगितलं. कळवतो म्हणाले.

सुगंधाला दोन मेसेज केले. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी सुगंधाच्या नंबरवरून फोन. आवाज रंभाबाईचा. “यादी लागलीय. वाचायला ये.”

“रंभाबाई, तिथं वाचणारे आहेत ना?”

“हायत. तू ये.”

गेले. समाजमंदिराच्या भिंतीवर चार पानं डकवली होती. बायका कामाच्या हातांनीच आल्या होत्या. रंभाबाई ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, “मोठ्यानं वाच. सगलीं नावं वाच.”

मी वाचायला लागले. पहिल्या नावाला गर्दीतून आवाज आला, “हाय.” दुसऱ्या नावाला, “हाय.” मग तसंच सुरू झालं. कुणी हसत, कुणी जोरात, एक जण वलांडीकडून धावत येत. रंभाबाई पागधरे. “हाय,” ती म्हणाली, आणि पुढचं वाच म्हणून हातानं खूण केली. एकशे एकतीस नावं. माझा घसा बसला.

संपल्यावर ती म्हणाली, “नाव आलं म्हंजे जागा राहिली असं नाय. जेटी व्हायची ती व्हनारच. पन आता आमाला बोलवायला तर लागंल त्यांना.”

माझ्यावर रागावलात का, असं मला विचारायचं होतं. तिनं विचारू दिलं नाही. “तू सांगायला येळ केलास,” एवढंच म्हणाली. “सुगंधाचं नाव नाय आलं, ते बग आता.”

खरंच नव्हतं. चारही पानं पुन्हा बघितली. पाहणीच्या दिवशी सुगंधा माहेरी होती. हरकतीला सात दिवसांची मुदत आहे. फॉर्म तिथंच टेबलावर ठेवलेले होते. मी एक घेतला आणि तिच्याकडे गेले. ती जवळा चाळत होती. माझ्याकडे न बघता बाजूला सरकली, म्हणजे बसायला जागा झाली.

पेन काढलं. नाव, वय, पाडा लिहिलं. पुढच्या रकान्यात छापलेलं होतं, ‘कामाचे स्वरूप’. मी म्हटलं, “काय काम करतेस, ते तू तुझ्या शब्दांत सांग. मी तसंच लिहिते.”

तिनं चाळणीतला जवळा जाळ्यावर ओतला. मग बोलायला लागली. पहाटे बोट लागली की टोपल्या भरायच्या, बर्फात घालायच्या, त्यातनं सुकवायचे बोंबील वेगळे काढायचे. धुवायचे. तोंडात तोंड अडकवायचं, ते सगळ्यांना जमत नाही, तिला शिकायला एक वर्ष लागलं. वलांडीवर घालायचे, दिवसातून दोनदा उलटवायचे, आभाळ आलं की सगळं उतरवून झाकायचं, कावळे हाकायचे, कुत्री हाकायची. जाळं फाटलं की सांधायचं. बुधवारी चिंचणीचा बाजार, शुक्रवारी मासवणला.

फॉर्मवर त्यासाठी दोन ओळी होत्या. त्या भरल्या. “थांब,” मी म्हटलं, आणि कागद उलटा केला. “हां, मासवणला. पुढं?”